त्यांच्या बहिणीला काय उत्तर देऊ?

प्रिय ताई,

मी पुण्यात राहते, वय ३१. मुलगी चौदा महिन्यांची आहे. घरूनच नोकरी करते. रात्री तिला पाजायला उठले की नंतर झोप येत नाही, मग मोबाइल हातात येतो. अशाच एका रात्री इंग्लंडमधल्या एका बेपत्ता बाईंची बातमी वाचली. माझ्याच वयाच्या, दोन लहान मुलं. सकाळी घरातून निघाल्या त्या परत आल्याच नाहीत. (नाव आणि गाव आम्ही वगळलं आहे.)

त्या प्रकरणाची चर्चा करणाऱ्या एका ग्रुपमध्ये मी गेले. त्या दिवशी काय काय घडलं याचा वेळेनुसार तक्ता मी तयार केला. लोकांना फार आवडला, ‘पोलिसांपेक्षा तूच बरी’ असं म्हणाले. आता आमच्या ग्रुपची जवळजवळ खात्री झाली आहे की त्यांच्या नवऱ्यानेच काहीतरी केलंय. तो टीव्हीवर बोलताना रडलासुद्धा नाही. त्याच्या नातेवाइकांचे जुने फोटो मी शोधले. एका फोटोत मुलाच्या मागे शाळेची पाटी दिसत होती. तो सांगतो तो रस्ता खरा नाही, एवढंच दाखवायला मी तो फोटो ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी एकाने शाळेत फोन केला, दुसऱ्याने शाळेबाहेर उभं राहून व्हिडिओ काढला.

गेल्या आठवड्यात त्या बाईंच्या बहिणीचा मला मेसेज आला. ‘तुमचा तक्ता माझ्या आईने वाचला. कृपा करून थांबा. मुलं मोठी होतील आणि हे सगळं वाचतील.’ मी अजून उत्तर दिलेलं नाही. ग्रुपचं म्हणणं, बहीण त्याच्या दबावाखाली आहे, आपण मागे हटायचं नाही. माझा नवरा म्हणतो, तुला वेड लागलंय. पण ताई, आम्ही बरोबर असलो तर? सगळेच गप्प बसले तर त्या बाईंसाठी बोलणार कोण? मी ग्रुप सोडू का? आणि बहिणीला काय सांगू?

एक आई, पुणे

प्रिय मैत्रीण,

आधी हातातलं काम. शाळेची पाटी दिसते तो फोटो आत्ता काढून टाका. तुम्ही टाकलाय, तर तुम्हाला काढता येईल. इतरांनी तो पुढे पाठवला असेल तर दिसेल तिथे तक्रार नोंदवा. लहान मुलाची ओळख आणि शाळा उघड होते, एवढं कारण पुरेसं आहे. शाळेबाहेर ज्याने व्हिडिओ काढला त्याच्या पोस्टचा दुवा तपास करणाऱ्या पोलिसांना कळवा. तिकडच्या पोलिसांना संकेतस्थळावरून कळवता येतं, पुण्यात बसूनही. एवढं करा आणि मग पुढचं वाचायला या.

आता तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न. आम्ही बरोबर असलो तर?

हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगभरात सुमारे ५१,१०० बायका आणि मुली जोडीदाराच्या किंवा घरातल्याच कुणाच्या हातून मारल्या गेल्या. दिवसाला सरासरी १४०. ‘विहिरीत पाय घसरला’, ‘स्टोव्हचा भडका उडाला’ ही वाक्यं ऐकतच आपण मोठ्या झालो, आणि त्या वाक्यांमागे काय असतं हे घरातल्या बायका हळू आवाजात बोलायच्या. तेव्हा बाई नाहीशी झाली की तुमची नजर नवऱ्याकडे वळते, यात तुमचं काही वाकडं नाही.

पण हेच तपास करणाऱ्यांनाही ठाऊक असतं. ते पहिली चौकशी घरातच करतात. फोन कुठे कुठे होता, बँकेतून पैसे कधी निघाले, गाडी कोणत्या रस्त्याने गेली, शेजाऱ्याच्या दारावरच्या कॅमेऱ्यात काय टिपलं गेलं, हे सगळं त्यांच्याकडे येतं. तुमच्याकडे येत नाही. आणि त्यांच्याकडे जे असतं ते ते बोलून दाखवत नाहीत, कारण उद्या खटला उभा राहिला तर ते न्यायालयात लागणार असतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पोलिस हातावर हात ठेवून बसलेत. जगात किती नवरे असं करतात ते आकडा सांगतो. हा एक नवरा त्यांतला आहे की नाही, हे त्या आकड्यातून कधीच कळत नाही.

इंग्लंडमधलंच एक प्रकरण सांगते. तुम्ही ते तेव्हा ऐकलंही असेल, पण शेवट किती जणांनी नीट वाचला कोण जाणे.

२७ जानेवारी २०२३, शुक्रवार. लँकशायर परगण्यातलं सेंट मायकल्स ऑन वायर नावाचं लहानसं गाव. ४५ वर्षांची एक आई दोन मुलींना शाळेत सोडून कुत्र्याला घेऊन वायर नदीच्या काठाने फिरायला गेली. रोजचाच रस्ता. चालता चालता ऑफिसच्या मीटिंगला फोनवरून जोडली गेली. मीटिंग संपली, तरी हिचा फोन जोडलेलाच. तो नदीकाठच्या बाकावर सापडला. कुत्रा तिथेच मोकळा फिरत होता. त्या बाईंचं नाव मी इथे घेत नाही. ते जगभर झालेलं आहे, आणखी एकदा छापून त्यांच्या मुलींना काही मिळणार नाही.

आठवडाभरात पोलिसांनी जाहीर केलं की त्या नदीत पडल्या असाव्यात असा आमचा कयास आहे, घातपाताचं काही दिसत नाही. लोकांना ते पचेना. बाकावरचा फोन मुद्दाम ठेवल्यासारखा वाटतो म्हणे. कुत्रा कोरडा कसा? जोडीदार टीव्हीवर असा काय बोलतो? मग लांबलांबच्या शहरांतून माणसं मोबाइल घेऊन त्या गावात उतरायला लागली. नदीपलीकडचं एक रिकामं घर धुंडाळून झालं. लोकांना पांगवण्याचे आदेश पोलिसांना काढावे लागले. गावच्या लोकप्रतिनिधींना इतके त्रासदायक फोन आणि मेल आले की तिथल्या परिषदेने त्यांचे संपर्क संकेतस्थळावरून काढून टाकले. खोटी माहिती आणि अफवांच्या लोंढ्याने तपासाचं लक्ष विचलित होतंय, लोक खासगी गुप्तहेर बनून फिरतायत, असं तपास अधिकारी बाईंनी पत्रकार परिषदेत उघड सांगितलं. ज्या पोलिसांनी नदी बघायची ते अफवा निस्तरत होते.

१९ फेब्रुवारीला मृतदेह मिळाला. नदीतच, त्या बाकापासून साधारण मैलभर खाली. जूनमध्ये प्रेस्टन इथे मृत्यूची न्यायालयीन चौकशी झाली आणि निष्कर्ष निघाला, अपघाताने बुडून मृत्यू. हिवाळ्यातल्या गार पाण्यात माणूस अचानक पडला की दचकून मोठा श्वास ओढतो. तो आवरता येत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर एक-दोन श्वासांत खेळ संपतो, पोहता येत असलं तरी. मारेकरी कुणी नव्हता. ज्या माणसाकडे लाखो लोक तीन आठवडे बोट दाखवत होते तो त्या काळात दोन मुलींना ‘आई कुठे आहे’ याचं उत्तर देत होता.

ओळख पटल्यावर कुटुंबाने निवेदन काढलं. त्यात त्यांनी म्हटलं होतं की एक दिवस आम्हाला या मुलींना समजावून सांगावं लागेल की माध्यमांनी आणि लोकांनी तुमच्या बाबांवर आरोप केले होते, आणि या विचारानेच वाईट वाटतं. तुमच्याकडे आलेल्या मेसेजमध्ये दुसऱ्या एका बहिणीने जवळजवळ हेच लिहिलंय. मोठी माणसं यातून सावरतीलही. मुलं दहा वर्षांनी स्वतःच्या आईचं नाव मोबाइलवर टाकतील, तेव्हा समोर येईल ते तुमचा ग्रुप आज लिहितोय.

पोलिसही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. त्या बाईंच्या खासगी आजारपणाबद्दल आणि अडचणींबद्दल त्यांनी जाहीर वाच्यता केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये या तपासाचा जो स्वतंत्र आढावा प्रसिद्ध झाला त्यात ही वाच्यता टाळता आली असती, तिची गरज नव्हती, असं स्पष्ट म्हटलंय. वेळेवर नीट माहिती न दिल्यामुळे अफवांना रान मोकळं मिळालं हेही त्यात आहे. तेव्हा पोलिस चुकतात हे तुमच्या ग्रुपचं म्हणणं मला मान्य आहे. पण पोलिसांच्या चुकीची वसुली त्या मुलांच्या बापाकडून करायची नसते.

तुमचा तक्ता मी सावकाश वाचला. फार मन लावून केलेलं काम आहे. ४३ ओळी, तीन रकाने: वेळ, काय घडलं, कुठून कळलं. तिसरा रकाना तुम्ही ठेवलात यातच तुमचा प्रामाणिकपणा दिसतो, म्हणून त्याच रकान्यावर बोट ठेवते. पोलिसांचं निवेदन ९ ओळींसमोर आहे. वर्तमानपत्र ११ ओळींसमोर. उरलेल्या २३ ओळींसमोर ‘ग्रुप’ लिहिलंय, किंवा काहीच नाही.

ओळ २७ बघा. ‘सकाळी ९.४० – नवऱ्याची गाडी नदीच्या दिशेने.’ कुठून कळलं: ग्रुप. तुम्ही पाठवलेल्या संभाषणाच्या चित्रांमध्ये मी ही गाडी मागे मागे शोधत गेले. सगळ्यात आधी एकाने नुसतं विचारलं होतं की त्या वेळी त्याची गाडी कुठे असेल. खाली एकीने लिहिलं, नदीच्या बाजूला असू शकते. दोन दिवसांनी तिसऱ्याने लिहिलं, गाडी नदीकडे जाताना दिसली म्हणतात. कुणाला दिसली, हे कुणीच विचारलं नाही. मग चौथ्याने त्याला ‘पावणेदहाच्या सुमारास’ जोडलं, आणि तुमच्या तक्त्यात ती गाडी मिनिटासकट धावायला लागली. ही गाडी कुणीही पाहिलेली नाही. त्या बाईंच्या आईने मात्र ती तुमच्या तक्त्यात पाहिली. लेक नाहीशी झालेली, आणि रात्री मोबाइलवर जावयाची गाडी नदीकडे निघालेली वाचायची. त्या म्हातारीची ती रात्र कशी गेली असेल याचा विचार करा.

‘रडला नाही’ ही तुमची ओळ ३८. ज्या घरात अचानक अघटित घडलंय तिथे कधी गेला असाल तर आठवून बघा. एक जण ओक्साबोक्शी रडतो, आणि त्याच घरात दुसरा जण ‘चहा किती कप टाकू’ विचारत हिंडत असतो. त्याला दुःख नसतं असं कुणी म्हणत नाही, कारण तो आपल्या समोर असतो आणि आपण त्याला ओळखतो. कॅमेऱ्यासमोर बसवलेला अनोळखी, परदेशी माणूस मात्र आपण चेहऱ्यावरून वाचायला निघतो.

बहीण दबावाखाली आहे, या ग्रुपच्या उत्तराकडेही जरा नीट बघा. ती गप्प बसली असती तर काहीतरी लपवतेय म्हणाले असते. बोलली, तर दबाव आहे. नवरा माध्यमांसमोर आला तर नाटक, नाही आला तर लपून बसलाय. तो निर्दोष असेल तर त्याने नेमकं काय केलं म्हणजे तुमचा ग्रुप मानेल, हे एकदा ग्रुपला विचारून बघा. उत्तर येणार नाही. ज्या संशयाला कशानेच धक्का लागत नाही, त्याच्या आधारावर कुणाच्या पोराच्या शाळेत फोन जाता कामा नये.

आणि ग्रुप मोठा आहे, इतकी माणसं कशी चुकतील, असंही मनात येत असेल. २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटानंतर हजारो लोकांनी पोलिसांनी दिलेल्या अंधुक चित्रांवरून एका तरुणाला ‘ओळखलं’. तो भारतीय वंशाचा विद्यार्थी होता, महिनाभरापासून बेपत्ता होता. त्याला शोधायला घरच्यांनी जे पान उघडलं होतं त्यावरच शिव्यांचा पाऊस पडला. त्याचा स्फोटाशी काही संबंध नव्हता. काही दिवसांनी प्रॉव्हिडन्समध्ये पाण्यात त्याचा मृतदेह सापडला. ज्या संकेतस्थळावर हे सगळं चाललं होतं त्याच्या चालकांनी जाहीर माफी मागितली. पोरगा हरवलेल्या आईबापांना त्या माफीचं काय करायचं होतं?

कायद्याचं थोडक्यात सांगते. खात्रीशिवाय एखाद्याला खुनी म्हणणं इंग्लंडमध्ये बदनामी ठरू शकतं, आणि आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तो गुन्हा आहे. त्याहून महत्त्वाचं, तिकडे एखाद्याला अटक झाली की १९८१ च्या न्यायालय अवमान कायद्यानुसार खटल्यावर गंभीर परिणाम होईल असं काही प्रसिद्ध करता येत नाही. म्हणजे तो खरोखर दोषी असलाच, तर तुमच्या ग्रुपचं लिखाण त्याच्याच वकिलाच्या कामी येण्याची भीती आहे.

आता तुम्हाला ज्यात मनापासून रस आहे त्या कामाबद्दल. घरी बसलेल्या एका साध्या माणसाने इंटरनेटवर शोधून एका बेपत्ता तरुण आईचा छडा लावल्याचं उदाहरण आहे, आणि ते तुम्ही जरूर वाचावं असं आहे.

१७ मे १९६८ ला अमेरिकेत केंटकी राज्यात जॉर्जटाउन गावाजवळ, हमरस्त्यालगत, हिरव्या ताडपत्रीत गुंडाळलेला एका मुलीचा मृतदेह सापडला. ओळख पटेना. वय सोळा ते एकोणीसच्या दरम्यान असावं असं ठरलं. ताडपत्री तंबूची वाटत होती म्हणून लोक तिला ‘टेंट गर्ल’ म्हणायला लागले, आणि थडग्याच्या दगडावरही तेच कोरलं गेलं. ज्याला तो मृतदेह दिसला होता त्याच्या मुलीशी पुढे टॉड मॅथ्यूज या टेनेसीतल्या तरुणाचं लग्न झालं. हा कारखान्यात कामाला. सासऱ्याकडून ही हकिकत ऐकली आणि ती त्याच्या डोक्यातून जाईना. वर्षानुवर्षं तो कागद जमवत राहिला, घरी इंटरनेट आल्यावर कामावरून येऊन रात्र-रात्र हरवलेल्यांच्या नोंदी वाचत राहिला. मृतदेहाजवळ एक पांढरं कापड सापडलं होतं. ते बाळाचं लंगोट असावं, म्हणजे ही शाळकरी पोर नसून कुणाची तरी आई असावी, असं त्याच्या मनाने घेतलं.

१९९८ मध्ये एका रात्री त्याला एका बाईने टाकलेली नोंद दिसली. माझी बहीण १९६७ च्या अखेरीस लेक्सिंग्टनहून नाहीशी झाली, तिचा कुणाला पत्ता आहे का? उंची, केस, ठिकाण, काळ, सगळं जुळत होतं. वय तेवढं जुळत नव्हतं, बहीण २४ वर्षांची होती. मॅथ्यूजने त्या बाईला गाठलं, अधिकाऱ्यांना कळवलं. मृतदेह उकरून काढला, डीएनए तपासलं, आणि तीच निघाली. वयाचा अंदाज तीस वर्षं चुकीचा धरला गेला होता. ती खरंच आई होती, तान्ही मुलगी मागे ठेवून गेलेली. दगडावर आता तिचं खरं नाव आहे.

मॅथ्यूजने नेमकं काय केलं ते बघा. एका यादीतलं वर्णन दुसऱ्या यादीतल्या वर्णनाशी ताडून पाहिलं, आणि जुळतंय असं वाटल्यावर ज्यांना डीएनए तपासता येतं त्यांच्या हवाली केलं. चूक निघाली असती तर कुणाच्या दारावर दगड पडला नसता. खून कुणी केला हे न्यायालयात कधीच सिद्ध झालं नाही, तरी बहिणीला बहीण मिळाली. पुढे ‘डो नेटवर्क’ नावाच्या स्वयंसेवकांच्या संस्थेत त्याने काम केलं, आणि नंतर बेपत्ता आणि बेवारस व्यक्तींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी व्यवस्थेतही. स्वयंसेवकाला जुळणी सुचली की ती आधी संस्थेतल्या जाणकारांपुढे जाते, मग पोलिसांकडे. चव्हाट्यावर जात नाही. तुमच्या हातात तक्ते करण्याची जी चिकाटी आहे ती अशा कामाची आहे.

दुसऱ्या तऱ्हेची मदतही होते. २०२१ मध्ये वायोमिंगमधल्या जंगलात एका भटक्या जोडप्याच्या गाडीतल्या कॅमेऱ्यात एका हरवलेल्या तरुणीची पांढरी व्हॅन टिपली गेली होती. बातमी वाचून त्यांनी आपलं चित्रण तपासलं आणि एफबीआयला कळवलं. मृतदेह त्याच परिसरात मिळाला. त्यांच्याजवळ स्वतःच्या डोळ्यांसमोरचं काहीतरी होतं. तुमच्याजवळ पुण्यात तसं काही नाही, आणि हे मी तुम्हाला कमी लेखायला म्हणत नाही. असं काही कधी हाती आलंच तर सरळ तपास करणाऱ्या पोलिसांना द्या. ग्रुपला आधी सांगू नका, नंतरही नको.

‘गप्प बसलो तर त्या बाईंसाठी बोलणार कोण’ असं तुम्ही विचारता. त्यांच्यासाठी त्यांची बहीण बोलतेय. तुमच्याशीच बोलली. मला अस्वस्थ करतं ते वेगळंच. त्याच वायोमिंग राज्यात २०११ ते २०२० या काळात तिथल्या मूळ रहिवासी समाजातली ७१० माणसं बेपत्ता नोंदली गेली होती, असं एका अहवालात होतं. त्या पांढऱ्या व्हॅनच्या गाजावाजात तो अहवाल लोकांना आठवला, एरवी कोण विचारत होतं? आपल्याकडे एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘हरवली आहे’ची पत्रकं उन्हाने पिवळी पडतात, त्यांच्यासमोर कुणी दोन मिनिटं थांबत नाही. तुम्हाला काही करायचंच असेल तर एवढं पोहोचवा. घरातली बाई हरवली तर २४ तास थांबावं लागतं ही समजूत साफ चुकीची आहे. लगेच पोलिस ठाण्यात जाऊन मिसिंगची नोंद करता येते, ११२ ला फोन करता येतो. ‘येईल माहेरून दोन दिवसांत’ म्हणून कुणी परत पाठवायला बघितलं तर हलायचं नाही. तुमच्या सोसायटीतल्या धुणीभांडी करणाऱ्या बायकांना हे माहीत आहे का, विचारून बघा.

आणि आता तुमच्याबद्दल. पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली: ‘सकाळी घरातून निघाल्या त्या परत आल्याच नाहीत.’ तान्ह्या मुलीला छातीशी धरून, रात्री तीन वाजता, हे वाक्य वाचणाऱ्या बाईला धडकी भरणारच. मला वाटतं तुम्ही त्या बाईंना शोधताना स्वतःच्या भीतीला उत्तर शोधत होता. गुन्हेगार सापडला की जग जरा कमी धोक्याचं वाटतं. पाय घसरण्याला काही उत्तर नसतं, म्हणून ते कुणालाच पटत नाही.

तुम्हाला वेड लागलेलं नाही. पण बाळ पुन्हा झोपल्यावरही तुम्हाला झोप लागत नाही, डोक्यात सतत अभद्र विचार येतात, हे महिनोन्‌महिने चाललंय. बाळंतपणानंतर वर्ष उलटून गेलं तरी असं होऊ शकतं आणि त्यावर उपचार आहेत. तुमच्या डॉक्टरांना हे याच शब्दांत सांगा. ‘जरा थकवा येतो’ असं गुळमुळीत सांगू नका. फोनवर बोलणं सोपं वाटत असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. नवऱ्याने ‘वेड’ म्हणणं मला आवडलेलं नाही, तुमच्या उशाशी बसून ‘काय होतंय’ विचारायला हवं होतं. आता त्यांना ठरावीक काम द्या. रात्री बाळ उठलं की एकदा तुम्ही, एकदा ते. चौदा महिन्यांचं मूल बापाच्या खांद्यावर थोपटून झोपतं. आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत.

ग्रुप सोडा. पण गुपचूप निघून जाऊ नका, कारण तुमचा तक्ता मागे फिरत राहील. आधी त्या तक्त्यातल्या २३ ओळी काढा आणि खाली लिहा की या ओळींना काही आधार सापडला नाही, कुणी त्या वापरू नयेत, गाडीची ओळ तर मुळीच नाही. तुम्हाला फितूर म्हणतील. ‘नवऱ्याने गाठलं हिला’ असंही म्हणतील. वाद घालायचा नाही. तुमचा शब्द तिथे मानतात, म्हणून तुमच्या दुरुस्तीने दोघी-तिघी तरी थांबतील. मग बाहेर पडा.

बहिणीला आजच उत्तर द्या. स्वतःची बाजू मांडायची नाही, मी पण आई आहे वगैरे लिहायचं नाही, त्यांना काही विचारायचं नाही. इतकंच पुरे:

‘तुमचा मेसेज मिळाला. उत्तराला उशीर झाला, माफ करा. तक्ता मी केला होता. त्यातला बराचसा भाग ऐकीव होता, तो मी काढून टाकलाय आणि तसं ग्रुपवर लिहिलंय. शाळा दिसत होती तो फोटो मीच टाकला होता, तोही काढलाय, आणि शाळेबाहेरच्या व्हिडिओबद्दल पोलिसांना कळवलंय. तुमच्या आईंना आणि मुलांना माझ्यामुळे जो त्रास झाला त्याबद्दल मी मनापासून माफी मागते. मी ग्रुप सोडलाय. यापुढे या विषयावर काही लिहिणार नाही. या मेसेजला उत्तर द्यायची गरज नाही.’

यातलं प्रत्येक काम खरोखर झाल्यावरच हा मेसेज पाठवा. त्यांचं उत्तर आलं नाही तर दुसरा मेसेज करू नका.